तारक मेहता: संपावं असंही वाटतं, संपू नये असंही

प्रश्न: ताई, आमच्याकडे सिडकोत रात्री जेवायला बसलं की ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ लागतंच, सासूबाईंपासून मुलांपर्यंत सगळे बघतात. पण हल्ली कुणी हसत नाही हो, नुसतं चालू असतं. २०२५ मध्ये १७ वर्षं झाली, मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीत नवीन राजस्थानी कुटुंब आलं, तेव्हा बरं वाटलं की चला बंद होत नाहीये, आणि लगेच मनात आलं की अजून किती ताणणार! असं दोन्ही वाटतं म्हणजे काय समजायचं? (एक वाचक, सिडको)

उत्तर: अगं, दोन्ही खरंच आहे, मलाही हेच वाटतं. २८ जुलै २००८ ला सुरू झालेली मालिका, तुझी मुलं तर त्यातच मोठी झाली असतील. आठव ना, भिडे मास्तर फळ्यावर सुविचार लिहिणार, टप्पूसेनेचा बॉल नेमका त्यांच्याच काचेवर, मग ते तणतणत बाहेर येणार, जेठालाल वैतागून बायकोला, दयाला काहीतरी बोलणार आणि ती तेवढ्यात आईला फोन लावून बसलेली. गोष्ट एवढीशीच असायची पण माणसं पक्की होती. नाशिकमध्येसुद्धा कितीतरी सोसायट्यांत सेक्रेटरीला भिडे मास्तरच म्हणतात, इतकं ते आपलं झालंय.

२०१७ मध्ये दया करणाऱ्या दिशा वाकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, त्याच वर्षी भव्य गांधीने टप्पू सोडला, २०१८ ला डॉ. हाथी करणारे कवी कुमार आझाद गेले, २०२१ ला नट्टूकाका म्हणजे घनश्याम नायक गेले, २०२२ मध्ये तारक मेहता करणाऱ्या शैलेश लोढांनीही मालिका सोडली. बाकीच्यांच्या जागी नवे लोक आले, ते मनापासून कामही करतात, पण दयाची जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवून मधूनमधून ‘ती येतेय’ असं दाखवत राहिले ना, ते मला सगळ्यात लागलं. विनोद फिका पडला तर प्रेक्षक समजून घेतो, पण आशेला लावून फसवलं की चिडतो, २०२३ च्या शेवटी सोशल मीडियावर बॉयकॉटची लाट आली ती यावरूनच. सासूबाई बघतात तर बघू देत, त्यांना रोजची ओळखीची माणसं हवी असतात. तुला नको असेल तर मालिकेशी इमान राखायचं म्हणून बसून राहू नकोस.

प्रश्न: मी गंगापूर रोडला राहतो, कॉलेजला आहे. इंग्रजी सिटकॉम दर वर्षी रिन्यू होतात तरी पडतातच की, मग आपल्याच मालिकेला नावं का ठेवायची? (एक विद्यार्थी)

उत्तर: पडतात, मान्य. अमेरिकेतली ‘द ऑफिस’ घे, त्यातला मुख्य नट स्टीव्ह कॅरेल २०११ मध्ये मालिका सोडून गेला तरी अजून दोन सीझन रिन्यू झाले आणि चाहते तेव्हाही असेच कुरकुरत होते. पण तिथे सीझनला वीस-पंचवीस भाग, मग सुट्टी, मग पुढचं वर्ष मिळणार का नाही ते ठरतं, त्यामुळे शेवटचा सीझन आहे हे आधीच जाहीर करता आलं, कॅरेल शेवटच्या भागात येऊन गेला, २०१३ मध्ये नीट निरोप झाला. आपल्याकडे डेली म्हणजे आठवड्याला पाच-सहा भाग, सीझनच नाही, टीआरपी आहे तोवर शूटिंग चालू, लेखकाला श्वास घ्यायला वेळ कुठे? मूळ लेखन तारक मेहता याच नावाच्या लेखकाचं, ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातलं गुजराती सदर, म्हणजे आठवड्याला एक लेख! त्यावर रोजचा भाग काढायचा म्हटल्यावर एकच गैरसमज पंधरा दिवस चालणारच. म्हणून माझं म्हणणं उद्या बंद करा असं नाहीये, तारीख ठरवा, सहा महिने आधी सांगा, जुन्या लोकांना एकदा तरी बोलवा आणि अब्दुलच्या दुकानासमोर सोडा पीत सगळ्यांना शेवटचं भेटू द्या.

प्रश्न: मुलीला जुने भाग दाखवायचेत, कुठून सुरू करू? (एक बाबा, नाशिकरोड)

उत्तर: २०१७ च्या आधीचे कुठलेही, सोनी लिव्ह ॲपवर आणि सोनी सब वाहिनीच्या यूट्यूब चॅनलवर मिळतील. गोकुळधामच्या गणपतीचे आणि नवरात्रीचे भाग आधी लावा, त्यात दयाचा गरबा भरपूर आहे.