युरोपात रोड सायकलिंगसाठी दहा दिवस काढले, तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी ८०-१०० किलोमीटर होतात, २०० किलोमीटरच्या दोन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) वेळेत पूर्ण केल्या आहेत, परदेशात मात्र सायकल कधी चालवलेली नाही. सोबत पत्नी येणार आहे, ती सायकल चालवत नाही. आणि दहा दिवसांत फ्रान्स, इटली, स्पेन असं तिन्हीकडे थोडं थोडं चालवून होईल का, असा प्रश्न आहे.

तिन्हीकडे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाच गावात मुक्काम करा, आणि पहिलीच वेळ असेल तर ते गाव स्पेनच्या मायोर्का बेटावरचं असू द्या.

मी पुण्याची, वय ५२, सायकल चाळिशीनंतर हातात घेतली. गेल्या काही वर्षांत युरोपात चारदा चालवून आले. पहिल्या खेपेला तुमच्यासारखाच बेत केला होता, नऊ दिवसांत तीन मुक्काम. सायकल सुटी करा, बॅगेत भरा, स्टेशनावर ओढत न्या, पुढच्या गावी पुन्हा जोडा, गिअर लावून घ्या. त्यात चार दिवस गेले आणि एका ठिकाणी तर पाऊस लागला म्हणून चाक रस्त्याला टेकलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी मी मायोर्कात आठ रात्री एकाच हॉटेलात राहिले आणि सातही दिवस चालवली. पाय आणि वारा बघून रोज सकाळी रस्ता ठरवायचा, एवढंच काम.

हे बेट त्यासाठी घडवल्यासारखं आहे. वायव्येकडे त्रामुंतानाची डोंगररांग, सगळ्यात उंच शिखर १,४०० मीटरच्या वर. उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या ऑलिव्हच्या ताली आहेत, आपल्या डोंगरउतारावरच्या शेतांसारख्याच. त्या सगळ्या प्रदेशाला २०११ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. मधला भाग जवळजवळ सपाट, बदामाच्या बागा, जुन्या पवनचक्क्या आणि दोन गाड्या जेमतेम मावतील असे डांबरी रस्ते. उत्तरेला समुद्र. पोर्ट दे पोयेन्सा किंवा अल्कुदियाला मुक्काम केलात तर हे तिन्ही प्रकार हॉटेलच्या दारातून सुरू होतात. व्यावसायिक संघ हिवाळ्याच्या अखेरीस इथेच सरावाला येतात, त्यामुळे सायकलवाला ही तिथे रोजची गोष्ट आहे. मागून येणारी गाडी हॉर्न न वाजवता मागेच थांबते, समोरचं दिसायला लागलं की मग पूर्ण पलीकडच्या बाजूने पुढे जाते. सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारकच आहे. ट्रक अंगावर येईल या हिशेबाने कायम आखडलेले खांदे तिसऱ्या दिवशी आपोआप सैल होतात. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की घरी आपण किती जीव मुठीत धरून चालवतो.

पहिला दिवस सपाटीवर काढा. उजवीकडून चालवायची सवय लागायला तेवढा वेळ हवाच, आणि चूक सरळ रस्त्यावर होत नाही, ती रिकाम्या चौकात डावीकडे वळताना होते. पेत्रा गावापर्यंत जाऊन या. चौकात भिंतींना टेकवलेल्या सायकलींची रांग असते, कॉफी आणि संत्र्याचा रस घ्यायला सगळे तिथेच थांबतात. दुसऱ्या दिवशी काइमारी गावातून युकच्या मठाकडे जाणारा चढ घ्या. आठेक किलोमीटरचा, सरासरी पाच टक्के. मध्येच अंगावर येणारा तुकडा नाही, एका लयीत चढता येतो. माथ्यावर पेट्रोल पंपाला लागून कॅफे आहे.

तिसरा दिवस सा कालोब्रा या बंदराकडे उतरणाऱ्या घाटासाठी राखून ठेवा. त्यासाठीच मुळात बेटावर जायचं.

पोर्ट दे पोयेन्साहून आधी फेमेनियाचा घाट, मग युक, मग एका जुन्या जलसेतूच्या कमानीपाशी उजवीकडे वळायचं. तिथून थोडा चढ, आणि ६८२ मीटरवर रेइसची खिंड लागते. पुढचा रस्ता फक्त खाली जातो, साडेनऊ किलोमीटर, थेट समुद्रापर्यंत, आणि खाली संपतो. सायकलने परतायला दुसरी वाट नाही, जितकं उतरलात तितकं चढूनच वर यायचं. सिंहगडावर आपण आधी घाम गाळतो आणि मग उताराचं बक्षीस घेतो. इथे बक्षीस आधी हातात देतात.

हा रस्ता १९३२ मध्ये आंतोनियो पारिएती या अभियंत्याने बांधला. खाली एक छोटंसं बंदर, तिथवर प्रवासी जावेत म्हणून. त्याने डोंगरातून बोगदा काढला नाही. एका ठिकाणी फोडलेला दगड दुसरीकडे भराव म्हणून वापरत त्याने रस्ता डोंगराच्या कलाने खाली सोडला, सव्वीस तीव्र वळणं घेत. माथ्याजवळ उतार फार तीव्र होतो म्हणून रस्ता स्वतःभोवती २७० अंश फिरून स्वतःच्याच खालून निघतो. त्या वळणाला टायची गाठ म्हणतात, आणि पुलाच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की नाव का पडलं ते लगेच कळतं.

मी पहिल्यांदा उतरले तेव्हा मध्यावर थांबून ब्रेकवरची बोटं मोकळी करावी लागली होती. एका वळणावर दोन बकऱ्या कठड्यावर उभ्या, गळ्यातल्या घंटा वाजतायत, आणि खाली सात-आठ वळणं एकाखाली एक. त्यातल्या तिसऱ्या वळणावर एक पर्यटक बस अडकल्यासारखी थांबलेली, चालक इंच इंच मागेपुढे करत तिला फिरवत होता. म्हणून सांगते, सकाळी साडेआठ-नऊच्या आत त्या रस्त्याला लागा. बस दहानंतर वाढतात. खाली बंदरावर पाणी भरून घ्या आणि फार बसू नका, पाय गार पडतात. चढ सरासरी सात टक्क्यांचा. सिंहगड चढणाऱ्याला तो झेपतो, फक्त सुरुवातीला जोर लावू नका. सावली कमी आहे आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर, ती टायची गाठ डोक्यावर दिसायला लागल्यावर, सगळ्यात जड जातात. मला खालून वर यायला एक तास दहा मिनिटं लागली. पुलाखालून जाताना वर उभी असलेली अनोळखी माणसं टाळ्या वाजवत होती, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं मिळून त्या दिवशी साधारण ९० किलोमीटर होतात, आपल्या रविवारएवढेच.

उरलेल्या दिवसांत फोर्मेंतोरच्या दीपगृहाला एकदा जा, पण वारा पडलेला असताना. त्रामुंताना हे उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचंही नाव आहे, आणि त्या टोकावर तो कड्याच्या बाजूने सायकल अक्षरशः ढकलतो. वाटेत बोगदा आहे, पुढचा-मागचा दिवा हवाच.

पत्नीसाठीही हे बेट सोयीचं आहे. पाल्माहून सोयेरला १९१२ पासून चालणारी लाकडी डब्यांची रेल्वे आहे, डोंगर पोखरून जाते, आणि सोयेरहून बंदरापर्यंत ट्राम. माझे यजमान सायकल चालवत नाहीत. एक दिवस मी डोंगरावरून आणि ते त्या गाडीने, असे आम्ही सोयेरच्या चौकात जेवायला भेटलो होतो.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेलं पा आम्ब ओली सगळीकडे मिळतं, फक्त वर हॅम नको असं आधी सांगावं लागतं. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची टोमॅटोच्या रसात घालून केलेलं तुम्बेत आपल्या जिभेला ओळखीचं लागतं. एनसायमाडा नावाची चक्राकार गोड ब्रेड प्रत्येक बेकरीत दिसेल. तिच्या नावातच डुकराची चरबी आहे, सायम म्हणजे तीच. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही खात नसाल तर आधीच माहीत असलेलं बरं.

सायकल इथून नेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. पोर्ट दे पोयेन्सा आणि अल्कुदियात दुकानं भरपूर आहेत, पण एप्रिलमध्ये मापाची सायकल मिळायला दोन-तीन महिने आधी आरक्षण करावं लागतं. मला एकदा सांगितलेल्या मापाऐवजी एक माप मोठी सायकल दिली गेली आणि आठवडाभर मान दुखली. तेव्हापासून मी हातात सायकल आल्यावर दुकानातच दहा मिनिटं चालवून बघते. पुढे कॉम्पॅक्ट चेनरिंग (लहान दातेरी चक्रं), मागे किमान ३२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आणि डिस्क ब्रेक, एवढं मागून घ्या. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते विचारा, घाटात पहिल्यांदा दाबून बघण्याची ती गोष्ट नव्हे. स्वतःचे शूज, पेडल आणि हेल्मेट न्या. गावाबाहेर हेल्मेट तिथे सक्तीचं आहे. सीटची सवय पक्की असेल तर सीटही न्या, बॅगेत एक कोपरा लागतो.

शेंगेन व्हिसा स्पेनचा काढायचा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि सायकलिंगमधली दुखापत त्यात धरली आहे का, ते एजंटच्या तोंडी शब्दावर न सोडता पॉलिसीत वाचून घ्या.

आता बाकीची ठिकाणं, कारण तुम्ही पुन्हा जाणार हे मला माहीत आहे.

दुसऱ्या खेपेला डोलोमाइट्स. इटलीत, सेला डोंगराभोवती कांपोलोंगो, पोर्दोई, सेला आणि गार्देना असे चार घाट जोडून पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा फेरा होतो. आकडा लहान दिसतो, पण चढाई दीड हजार मीटरच्या वर जाते. सरळ उभ्या राहिलेल्या त्या फिकट गुलाबी कड्यांखालून चालवताना माणूस गप्प होतो. पोर्दोईच्या माथ्यावर, २,२३९ मीटरवर, इटलीचा जुना नामांकित सायकलपटू फाउस्तो कोप्पी याचं स्मारक आहे. तिथे मी घामाने भिजलेल्या जर्सीतच फोटो काढत रेंगाळले आणि उतारावर हातपाय इतके गारठले की गिअर बदलता येईना. चढताना कितीही उकडू दे, विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच. सह्याद्रीत हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही, म्हणून आपली माणसं इथे हमखास फसतात.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये जायचं तर बूर्ग द्वाझाँला राहा. आल्प द्युएझचा चढ तिथूनच सुरू होतो: १३.८ किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांच्या वर, एकवीस क्रमांकित वळणं, आणि क्रमांक उलटे, २१ पासून खाली. टूर द फ्रान्स इथे पहिल्यांदा १९५२ मध्ये आली आणि तेव्हा कोप्पीच जिंकला होता. प्रत्येक वळणावर विजेत्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. खरं सांगायचं तर शेजारचा क्रॉय द फेरचा घाट मला जास्त आवडला, लांब, शांत आणि माथ्याजवळ नुसती कुरणं.

बेल्जियमच्या फ्लांडर्सला दगडी फरसबंदीचं वेड असेल तरच जा. हातांची हाडं खिळखिळी होतात, पण औदेनार्दहून पाट्या लावलेले फेरे निघतात आणि सायकल शर्यतीवर इतकं प्रेम करणारा प्रदेश मी दुसरा पाहिलेला नाही.

महिना निवडताना एवढं बघा. मायोर्का मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टचं ऊन आणि गर्दी नको. फ्रान्सच्या आल्प्समधले उंच घाट बर्फामुळे बहुधा मेअखेर किंवा जूनपर्यंत बंदच असतात. म्हणजे आपल्याकडे पाऊस लागून सायकल भिंतीला टेकते, त्याच सुमाराला तिकडचे रस्ते उघडतात. मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्येच निघणार असाल तर मायोर्काच.

आणि सायकल परत करताना पेडल काढून घ्यायला विसरू नका. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं.