पहाटेचा घाम आणि चॉकलेट

प्रश्न : माझे पती इन्सुलिन घेतात. कधीकधी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. मी चॉकलेट देते, पण त्यांना बरे वाटायला फार वेळ लागतो. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : ही रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे दिसतात. तत्परता योग्य आहे, पदार्थ मात्र चुकतो आहे. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचण्यास विलंब होतो, आणि रक्तशर्करा प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असताना हा विलंबच धोक्याचा ठरतो. त्याऐवजी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी ग्लुकोमीटरवर तपासून आकडा ७०च्या खालीच असेल, तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. (घाबरून वाटीभर साखर भरवली, की पुढे ती भलतीच चढते.) अकार्बोज हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही, त्यांना ग्लुकोजच द्यावे. शुद्ध हरपल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रुग्णाला कुशीवर वळवून, घरी ग्लुकॅगॉन (रक्तशर्करा वाढवणारे औषध) असल्यास ते देऊन, तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. पहाटेचे आकडे आणि वेळा टिपून डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनची मात्रा बदलावी लागण्याची शक्यता आहे.