सूनबाई गावी येणार, वायफाय घ्यावं का?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, गुहागर तालुक्यात राहतो. सून गणपतीला येणार आहे आणि दिवाळीपर्यंत इथूनच ऑफिसचं काम करणार आहे. रोज तीन-चार व्हिडिओ मीटिंगा असतात म्हणे. मुलगा म्हणतो, दोन-अडीच महिन्यांसाठी वायफाय कशाला, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरे. आमच्या यांचं म्हणणं, एकदाचं घेऊन टाकू. घर जुनं, जांभ्याचं. लाइट पावसात कधीही जाते. कोणाचं ऐकू? आणि पाहुण्यांनी पासवर्ड मागितला तर द्यावा का?

उत्तर : ताई, या वेळी मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. मुलाचा हिशेब पैशांत बरोबर आहे, पण तो मोसम विसरला. एरवी टॉवरवर तुमच्या वाडीतले मोजकेच मोबाइल. गणपतीत चाकरमानी आले की तेवढ्याच टॉवरवर सगळा गाव तुटून पडतो. कोणी आरती लाइव्ह दाखवतंय, कोणी मखराचे व्हिडिओ पाठवतंय. मोबाइलवर काड्या पूर्ण दिसतात आणि साधा फोटो जात नाही. काड्या म्हणजे टॉवर किती चांगला ऐकू येतोय ते. टॉवरकडे तुमच्यासाठी किती जागा उरली आहे, ते काड्या सांगत नाहीत.

दुसरं, डेटा. व्हिडिओ मीटिंगमध्ये आपला चेहरा जातो आणि समोरच्यांचे येतात. दोन्ही मिळून अडीच एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) धरले तरी तासाला एक जीबीच्या आसपास जातो. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल, तर दुसरी मीटिंग संपेपर्यंत कोटा खलास, आणि पुढे बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे त्याच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. त्यात चेहरा सोडाच, आवाजही धड जात नाही. फाइव्ह-जीचा अमर्याद पॅक असला तर हा हिशेब बदलतो, पण ते फाइव्ह-जी आधी वाडीत पोचायला हवं.

तेव्हा वायर घ्या, म्हणजे केबलवाल्याचं फायबरचं नेट. मात्र पैसे भरण्याआधी केबलवाल्याला एकच विचारा : "लाइट गेली की तुमच्याकडचं मशीन किती वेळ चालतं?" माणसं आपल्या घरातल्या लाइटचा विचार करतात, केबलवाल्याच्या खोलीतही एक डबा असतो, तो बंद पडला की सगळ्या वाडीचं नेट जातं. "बॅटरी आहे, चार तास चालतं," असं तो न अडखळता म्हणाला तर घ्या. "लाइट कुठे जाते हल्ली?" असं म्हणाला तर हसून चहा पाजा आणि दुसरा शोधा. वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसेल, पण पहिले महिने महिन्याच्याच हिशेबाने घ्या.

घरातल्या डब्याला, म्हणजे वायफाय देणाऱ्या राउटरला, छोटा यूपीएस लागेल, लाइट गेली की बॅटरीवर चालवणारा; राउटरचा म्हणून मिळतो तो. दुकानात जाताना डब्याचा ॲडॅप्टर बरोबर न्या. त्यावर बारीक अक्षरांत बहुधा १२ व्होल्ट आणि पुढे अँपिअरचा आकडा असतो. व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काही इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर घेतात, तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा उठतो, आणि उठून नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. साहेबांसमोर बोलताना ती दोन मिनिटं फार लांब असतात.

आता जांभा. आमचंही घर जांभ्याचं, भिंत हातभर जाड. माझा राउटर ओटीवर टीव्हीशेजारी होता आणि मी मागच्या खोलीत बसायचो. मध्ये दोनच भिंती, पण मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या दोन लहरींपैकी वेगवान, पण भिंतीत अडणारी) असला की वायफाय पार नाहीसं व्हायचं. २.४ वर पोचायचं, पण रखडत. तुम्ही तसं करू नका. सून जिथे बसणार तिथेच डबा लावून घ्या, आणि लॅपटॉपला थेट वायर जोडता आली तर सर्वांत उत्तम. टीव्हीला उरलंसुरलं मिळू दे.

तो डबा हलवताना मी केलेला शहाणपणाही सांगतो. तीस वर्षं टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर काम केलं, त्यामुळे फायबरची जास्तीची वायर मी तशीच गुंडाळली आणि खिळ्याला करकचून बांधली. डब्यावर एलओएस नावाचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकायला लागला. दोन दिवस मी फोनवर केबलवाल्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा विशीतला पोरगा आला, त्याने गाठ सोडली, वायरीचा ताटलीएवढा गोल वेटोळा केला, आणि लाल दिवा गेला. फायबरमधून प्रकाश जातो. वायर काटकोनात मुरडली की तो वाटेतच बाहेर सांडतो. पोरगा काही बोलला नाही. बायको बोलली.

हॉटस्पॉट मात्र मोडीत काढू नका. फांदी पडून वायर तुटली तर तोच कामाला येणार. सुनेच्या मोबाइलमध्ये जे सिम आहे, त्याहून वेगळ्या कंपनीचं एक सिम घरात ठेवा. गणपतीआधीच घरभर फिरून कुठल्या खिडकीत ते बरं चालतं ते बघा आणि तिथे एक स्टूल मांडून ठेवा. वेळ आली की मोबाइल चार्जिंगच्या केबलने थेट लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करायचं. बॅटरीही टिकते आणि भिंतींचा प्रश्न उरत नाही. केबल तेवढी लांब घ्या : मोबाइल खिडकीत, सून खुर्चीत.

पासवर्डचं म्हणाल, तर आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणणं जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, अशी सोय असते. केबलवाला आला की त्याच्याकडूनच ते चालू करून घ्या, नाव-पासवर्ड वेगळा. तो ओटीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. खरा पासवर्ड सुनेला आणि तुम्हाला. यजमानांना द्यायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्यांनी वायफायसाठी एवढा हट्ट धरला, ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.