केस ओव्हर-कंडिशन झालेत हे कसं ओळखायचं आणि त्यावर उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की रोज कंडिशनर, आठवड्यातून दोनदा मास्क, तरी केस चपटे अन् चिपचिपे, कंगवा लावला की तुटतात, मग मास्क तीनदा करू का? नका करू बाई. हेच मी आठ महिने केलं म्हणून लिहायला बसली, नाहीतर मी इथं फक्त वाचते.

माझे केस कुरळे. दर्यापूरकडचं खेडं आमचं, खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं, नळ आला की शहानूर धरणाचं गोड पाणी नाहीतर हापशीचं खारं. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ पाहून मी शाम्पू बंदच केला, कंडिशनरनंच केस धुवायचे, वरून जवसाचं जेल (जवस घरचीच, फुकटात काम), अन् रात्री मास्क लावून डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून झोपायचं. पहिला महिना केस असे झाले की मीच आरशासमोरून हलत नव्हती. मग हळूहळू कुरळेपणा गेला, वेणीचं रबर आपोआप घसरून राहिलं, क्लिप टिकेना. मला वाटलं केस कोरडे पडले, म्हणून मास्क वाढवला. पुण्याच्या आमच्या मोठ्या नणंदबाई फोनवर रोज तेच सांगत होत्या, तुमच्या खेड्याच्या पाण्यानं केस मेलेत, अजून मॉइश्चर दे, अंडं लाव. अंडं! आमच्या सासूबाई माळकरी.

चुलत दिराच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझा अंबाडा गजऱ्यासकट मानेवर आला. अठरा पिना लावल्या होत्या, मोजून. सगळ्या मऊ केसातून सुळकन निघाल्या. सासूबाईंनी मागून हात लावून पाहिला अन् म्हणाल्या, "काऊन वं, केसं भिजल्या कापसावानी काऊन झाले तुहे? ह्या कापसाले तं सीसीआयवालेबी घेत नाही." सीसीआय म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की कापूस परत लावते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण केसातही ओलावा जास्त होऊ शकतो हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

ओळखायचं असं. धुतल्यावर एक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. चांगला केस थोडा, साधारण तिसरा हिस्सा लांबतो अन् सोडला की परत येतो. माझा शिजलेल्या शेवईसारखा लांबतच गेला, परत आलाच नाही, मग तुटला. न लांबता कडकन तुटला तर तुमचा प्रॉब्लेम उलटा आहे, प्रोटीन जास्त किंवा खरंच कोरडे केस, मग माझं बाकीचं वाचू नका.

कारण दोन. कंडिशनरमधलं सामान केसाला चिकटून राहण्यासाठीच बनवलेलं असतं, डायमेथिकोनसारखं सिलिकॉन असलं तर नुसत्या कंडिशनरनं ते निघत नाही, थरावर थर. अन् दुसरं, केस पाण्यात फुगतो, वाळला की आकसतो, रोज रात्रभर ओला ठेवला की त्याचा दम जातो.

मी काय केलं तर तो थर काढायला साधा सल्फेटवाला शाम्पू, त्याच दिवशी दोनदा. मास्क अन् जेल महिनाभर बंद. कंडिशनर फक्त टोकांना, दोन मिनिटं, धुऊन टाका. पंधरा दिवसांतून एकदा हायड्रोलाइज्ड (म्हणजे बारीक तुकडे केलेलं) केराटिन किंवा गव्हाचं प्रोटीन लिहिलेला मास्क, तोही पाच-दहा मिनिटं. तीन-चार धुण्यात कुरळेपणा परत यायला लागला. अंड्यातलं प्रोटीन इतकं मोठं असतं की केसात शिरतच नाही, हे मी नणंदबाईंना तीनदा मेसेज केलं, निळी टिक आली, उत्तर नाही.

अन् धुवायच्या आधी खोबरेल. मुंबईच्या दोन संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल अन् मिनरल ऑइल तपासलं, केसातलं प्रोटीन जाणं फक्त खोबरेलानं कमी झालं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे खरं, पण माझ्या सासूबाईंच्या साठीतल्या वेणीकडे पाहून मला ते पटतं.

आता खरं सांगायचं तर पाण्याचं नणंदबाईंचं अगदीच चूक नव्हतं. खाऱ्या, जड पाण्यानं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं अन् केस राठ लागतात, मीही आता शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचाच घेते. पण राठ वेगळं अन् लिबलिबीत वेगळं, त्या दोन्हीला एकच औषध सांगत होत्या.

जो केस ताणून गेला तो भरून येत नाही, कापावा लागतो. मी चार बोटं कापले. महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे हिशोब करा. अन् केस मधून न तुटता मुळापासून गळत असतील, नाहीतर टाळूला खाज असेल, तर डॉक्टरला दाखवा, मास्क-बिस्क नंतर.