गोळ्या मनाने सोडू नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "काका, सरकारी गोपनीय कामासाठी लागणाऱ्या क्लिअरन्सचा फॉर्म भरायचाय, म्हणून काउन्सेलिंग थांबवलं आणि गोळ्याही कमी करतेय." रात्री झोप लागली नाही मला. आधी डॉक्टरांना फोन कर, मग पुढचं वाच.

अमेरिकी सरकारच्या या क्लिअरन्सच्या फॉर्मवर, एसएफ-86 वर, पूर्वी सरळ प्रश्न असायचा, गेल्या सात वर्षांत मानसिक त्रासासाठी कुणाला दाखवलंय का? 2008 मध्ये युद्धावरून परतलेल्यांच्या समुपदेशनाला सूट मिळाली, 2013 मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना, आणि 2017 पासून मानसिक आरोग्याच्या एकविसाव्या विभागातला तो प्रश्नच गेला. आता विचारतात ते असं: कोर्टाने अक्षम ठरवलंय का, कोर्टाच्या आदेशाने तपासणी झालीय का, मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहिलीस का, स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या ठरावीक आजारांचं निदान आहे का, निर्णयशक्तीवर ठळक परिणाम करणारं काही आहे का. बाबा गेल्यापासूनची तुझी घालमेल, त्यासाठीचं मंगळवारचं बोलणं यात कुठे बसतं, सांग बरं?

आणि समजा एखाद्या प्रश्नाला 'हो' लिहावं लागलं, तरी तिथे सगळं संपत नाही. नियमित उपचार घेणं, डॉक्टरांचं अनुकूल मत असणं, हे तुझ्या बाजूने धरलं जातं. फक्त समुपदेशन घेतलं म्हणून वाईट निष्कर्ष काढू नये, असं नियमातच लिहिलंय. 2012 ते 2020 मध्ये 54 लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली निघाली. निव्वळ मानसिक कारणावरून क्लिअरन्स नाकारलं वा काढून घेतलं गेलं ते 62 वेळा.

2011 साली मी नैराश्यातून जात होतो. जुनाच फॉर्म होता, मी 'हो' लिहिलं. तपास अधिकारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, गोळ्यांविषयी दहा मिनिटं विचारलं. मग दीड तास परदेशातले नातेवाईक, म्हणजे पुण्यातली भावंडं: कोण काय करतं, किती वेळा फोन होतो, पैसे पाठवतोस का. मला आठवेना, धाकट्या आत्तेभावाची नोकरी कुठली ते! तू आत्ताच आजोळची माणसं, पत्ते लिहून ठेव.

लपवलंस तर मात्र अवघड आहे. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, आणि तो डाग आजारापेक्षा कितीतरी जड जातो. आपल्याकडे घरातच हे विषय कुजबुजत बोलतात, त्यामुळे लपवायची सवय लागते, ठाऊक आहे मला.

मंगळवारची अपॉइंटमेंट पुन्हा घेतलीस की मेसेज कर. किती वाजता आहे तेही लिही.

तुझा,
काका