आजी देव मानते का?

मस्कत

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

मामाचे दुकान चालेना म्हणून त्र्यंबकला जाऊन नारायण नागबली करावा, नाहीतर घराला दोष भोवेल, असे एका गुरुजींनी सांगितले आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीही न घालणाऱ्या आजीने त्यांना स्पष्ट नकार दिला. मग आजी देव मानते की नाही, असे तू विचारले आहेस. आजी देव मानते. देवाच्या आणि आपल्या मध्ये उभे राहून कोणी भीती घालावी, हे मात्र तिला मान्य नाही.

त्र्यंबकला ज्यांची समाधी आहे त्या निवृत्तिनाथांचे वडील संन्यासातून पुन्हा संसारात आले, म्हणून त्यांच्या मुलांना मुंजीचा अधिकार धर्मपंडितांनी नाकारला, असे परंपरा सांगते. तेच निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे गुरू झाले, आणि पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची गर्दी लोटते ती त्यांच्याच दर्शनासाठी.

पंचवटीतले काळाराम मंदिर तू पाहिले आहेस. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना आत जाता येऊ नये म्हणून मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे अनेक वर्षे नेटाने चालवला. मागणी केवळ दर्शनाची नव्हती, माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काची होती. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. बौद्ध धम्माची दीक्षा मात्र त्यांनी १९५६ मध्ये नागपुरात घेतली. मधली एकवीस वर्षे मला फार मोलाची वाटतात, कारण संतापाच्या भरात दुसरा धर्म जवळ न करता त्यांनी अनेक धर्म अभ्यासले आणि मग एक निवडला.

गुरुजींबद्दल मनात अढी धरू नकोस. अशा विधींनी कित्येकांना खरोखर धीर येतो, आणि त्यांना कमी लेखणे योग्य नाही. आजीचा आक्षेप भीती घालण्याला होता. दुकानासमोरचा रस्ता खोदल्यापासून गिऱ्हाईक तुटले, हे तिने मामाला तिथल्या तिथे दाखवून दिले.

संध्याकाळच्या आरतीला उभे राहायचे की नाही, हे तू ठरव. आजीने मला कधी सक्ती केली नाही, मीही तुला करणार नाही. मात्र नाही म्हणणार असशील तर कारण तयार ठेव, ती विचारल्याशिवाय राहणार नाही.

तुझी,
आई