वाचक विचारतात : मालवाहू जहाजाची दुसरी नोकरी

प्रश्न : 'आयएनएस ध्रुव' या आपल्या जहाजाबद्दल वाचलं. क्षेपणास्त्रांचा मागोवा घ्यायला असं खास जहाज बांधावंच लागतं का? जुन्या मालवाहू जहाजावर रडार बसवून काम भागत नाही का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भागतं. अमेरिकेने आणि सोव्हिएत रशियाने कितीतरी वर्षं तसंच भागवलं. माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून झाली, त्यामुळे या विषयातली मला सर्वांत जवळची गोष्ट एका साध्या मालवाहू जहाजाचीच आहे. तीच सांगतो.

'हैती व्हिक्टरी' हे जहाज १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या गोदीत बांधलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीची लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं जेमतेम ११ नॉट वेगाने चालत आणि पाणबुड्यांच्या तडाख्यात सापडत. म्हणून अमेरिकेने व्हिक्टरी जातीची जहाजं काढली. लांबी सुमारे १३९ मीटर, रुंदी १९ मीटर, वाफेचं टर्बाइन आणि वेग १५ ते १७ नॉट. अशी पाचशेहून जास्त जहाजं पाण्यात उतरली. पहिल्या तुकडीला मित्रराष्ट्रांची नावं मिळाली, त्यात हे हैतीच्या वाट्याला आलं.

युद्धानंतर १९५० मध्ये ते अमेरिकन लष्करी सागरी वाहतूक सेवेत गेलं. मे १९५३ मध्ये हूक ऑफ हॉलंडहून हार्विचला निघालेल्या 'ड्यूक ऑफ यॉर्क' या प्रवासी जहाजाशी त्याची टक्कर झाली. प्रवासी जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तुटून गेली, माणसं दगावली. या जहाजाची हकिकत सांगताना बहुतेक जण हे पान उलटून थेट अंतराळात जातात. मला ते पटत नाही. जहाजाच्या नोंदीत त्याने वाहिलेला माल, त्याच्याकडून झालेला घात आणि त्याची कीर्ती शेजारी शेजारीच असायला हवीत.

कीर्ती आली ती १९६० मध्ये. १० ऑगस्टला कॅलिफोर्नियातून 'डिस्कव्हरर १३' हा उपग्रह सोडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची कुपी पॅराशूटने खाली आली. विमानाने ती हवेतच झेलायची, असं ठरलं होतं, पण झेल हुकला आणि कुपी हवाई बेटांजवळ पॅसिफिकमध्ये पडली. 'हैती व्हिक्टरी'वरून हेलिकॉप्टर उडालं, पाणबुड्याने उडी मारून कुपी दोरीला अडकवली आणि ती डेकवर आली. कक्षेत फिरून आलेली मानवनिर्मित वस्तू माणसाच्या हाती परत लागण्याची ही पहिलीच वेळ. कुपीत अमेरिकेचा झेंडा होता, तो चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हाती देण्यात आला. हे सगळं वैज्ञानिक प्रयोग म्हणून जाहीर झालं होतं. त्याआड 'करोना' ही हेरगिरीच्या छायाचित्रणाची योजना होती, हे सरकारने १९९५ मध्ये उघड केलं. 'डिस्कव्हरर १३'मध्ये मात्र कॅमेरा नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीला जहाजाचं नाव 'लाँगव्ह्यू' झालं आणि पॅसिफिक क्षेपणास्त्र क्षेत्रातलं मागोवा जहाज म्हणून त्याची अधिकृत नेमणूक झाली. 'सनीव्हेल', 'वॉटरटाउन', 'हंट्सव्हिल' ही त्याची भावंडं, तीही मूळची व्हिक्टरी जहाजंच. अपोलो चांद्रमोहिमांच्या काळात 'वॉटरटाउन' आणि 'हंट्सव्हिल' यांच्याकडे यान वातावरणात परत शिरतानाच्या मागोव्याचं काम होतं.

मालवाहूच का निवडलं? युद्धनौकेत एक कपाट ठेवायला जागा सापडत नाही. मालवाहू जहाजाचे होल्ड, म्हणजे माल भरायचे तळघरासारखे कप्पे, चार-पाच मोठाल्या रिकाम्या खोल्या. त्यांत जनित्रं, संगणक, वातानुकूलन, तंत्रज्ञांच्या झोपायच्या जागा, सगळं मावतं. पण उपकरणं मालाइतकी जड नसतात. रिकामं जहाज पाण्यावर उंच राहतं आणि बेभान डोलतं, म्हणून होल्डच्या तळाशी निरम, म्हणजे तोल राखणारं वजन, भरावंच लागतं.

'ध्रुव' मात्र याच कामासाठी बांधलेलं, १७५ मीटरचं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते विशाखापट्टणमला सेवेत दाखल झालं. ते बांधणारी हिंदुस्थान शिपयार्ड ही गोदी १९४१ मध्ये वालचंद हिराचंदांनी मुंबईच्या सिंदिया कंपनीतर्फे उभी केली, तीही मालवाहू जहाजांसाठीच. सोलापूरच्या या माणसाने इंग्रजी अमलात स्वदेशी जहाजांचा हट्ट धरला नसता तर ही गोदी तिथे नसती, असं मी ठामपणे म्हणेन.

प्रश्न : किनाऱ्यावर आणि बेटांवर मोठी रडार असताना जहाज समुद्रात कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पृथ्वी गोल आहे म्हणून. वीस मीटर उंचीवरच्या रडारला समुद्राच्या पातळीवरची वस्तू साधारण १८ किलोमीटरपर्यंतच दिसते. क्षेपणास्त्र ३०० किलोमीटर उंचीवर असेल तर ते जवळजवळ १९५० किलोमीटरवरून दिसू शकतं, पण खाली येऊ लागलं की ही मर्यादा झपाट्याने आकसते. कॅलिफोर्नियाच्या व्हँडेनबर्ग तळापासून मार्शल बेटांतल्या क्वाजलेनपर्यंतचा मार्ग साडेसात हजार किलोमीटरहून लांब आहे. मध्ये पाणीच पाणी. शिवाय हवं असतं ते नेमकं शेवटच्या टप्प्याचं मोजमाप, आणि लक्ष्य दर वेळी बेटाजवळ असेलच असं नाही. अशा ठिकाणी जहाजच उभं करावं लागतं.

या चाचण्यांची दुसरी बाजू मी ऐकलेली आहे. अमुक अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत अमुक वेळी रॉकेट पडण्याचा धोका आहे, दूर राहावं, असा इशारा मोर्सवर यायचा. तो उतरवून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, नेऊन द्यायचा, मग सेकंड ऑफिसर नकाशावर पेन्सिलीने ती चौकट आखायचा. आम्ही तिला वळसा घालायचो, मागोवा जहाज तिच्या अगदी कडेला जाऊन थांबायचं.

प्रश्न : पण जहाज सतत हलतं. मग मोजमाप अचूक कसं येतं? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : या कामातली खरी झुंज हीच. हजार किलोमीटरवरच्या वस्तूकडे रोखलेल्या अँटेनाचा कोन एक दशांश अंशाने चुकला, तर जागा पावणेदोन किलोमीटरने चुकते. आणि जहाज साध्या वाऱ्यातसुद्धा पाच-दहा अंश कलतं. ते आडवं डोलतं, उभं डोलतं, नाळ डावी-उजवीकडे भरकटते. या तिन्ही हालचाली जायरोस्कोप (दिशा धरून ठेवणारी फिरती चाकं) क्षणोक्षणी मोजतात आणि त्यानुसार अँटेनाची दिशा तरी सुधारतात किंवा आकडे तरी.

त्यापेक्षा अवघड प्रश्न म्हणजे आपण स्वतः कुठे आहोत? क्षेपणास्त्राची जागा आपल्या जागेवरून काढायची, तेव्हा आपलीच जागा चुकली की सगळं मुसळ केरात. १९६० च्या सुमारास जीपीएस नव्हतं. ताऱ्यांचे कोन मोजायचा सेक्स्टंट होता, किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांवरून जागा काढायचं लोरान होतं, पण लोरानच्या पट्ट्याबाहेर ढगाळ रात्री हातात अंदाजाशिवाय काही उरत नसे. १९६४ मध्ये जागा सांगणारे ट्रान्झिट उपग्रह अमेरिकन नौदलाच्या वापरात आले, तेव्हा चित्र पालटलं. तरी त्यातही एक स्थाननिश्चिती झाली की पुढच्या उपग्रहाची वाट पाहायची आणि मधला वेळ वेग-दिशेवरून गणित करत काढायचा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जहाजाचा सांगाडा स्वतःच वाकतो. डेकवर ऊन तापलं आणि तळ थंड पाण्यात असला की पोलाद असमान प्रसरण पावतं. नाळेकडच्या आणि मागच्या अँटेनांमधला कोन सकाळी एक तर दुपारी वेगळा. म्हणून पुढच्या मोठ्या जहाजांवर हे वाकणं मोजणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागली. जहाज वाकतं हे प्रत्येक खलाशाला ठाऊक असतं, वादळात ते कानांनी ऐकू येतं. पण ते वाकणं मोजून हिशेबात धरणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे.

क्षेपणास्त्र नेमकं कुठे पडलं, हे रडारखेरीज समुद्रतळावरच्या जलध्वनिग्राहकांनीही काढत. आपटण्याचा आवाज पाण्याच्या खोल थरातून फार दूर जातो. तो वेगवेगळ्या ठिकाणी किती फरकाने पोचला, त्यावरून जागा ठरते.

प्रश्न : या जहाजांवर नौदलाचेच लोक असत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : 'लाँगव्ह्यू'सारख्या जहाजांच्या नावाआधी 'यूएसएनएस' लागतं. म्हणजे मालकी नौदलाची, पण जहाज चालवणारे नागरी खलाशी. उपकरणांवर तंत्रज्ञ वेगळे. ऑइलर (यंत्रांना वंगण घालणारा), कुक, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) हे सगळे तुमच्या-आमच्यासारखे व्यापारी जहाजांवरचे लोक. मोहिमांच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख सहसा आला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : आता ही जहाजं कुठे पाहायला मिळतील? (एक वाचक, सॅन होजे)

उत्तर : १९६८ पासून हे काम विमानांनीही करायला सुरुवात केली, आणि १९८३ पासून संदेश पुढे पाठवणारे 'टीडीआरएस' उपग्रह आल्यावर अंतराळयानांसाठी जहाजांची गरज फारच कमी झाली. सोव्हिएतांचं २३१ मीटर लांबीचं 'कॉस्मोनॉट युरी गागारिन' १९९६ मध्ये भंगारात निघालं आणि गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तुटलं. सैनिकवाहू जहाजाचं मागोवा जहाज झालेलं 'व्हँडेनबर्ग' मे २००९ मध्ये फ्लोरिडाच्या की वेस्टजवळ मुद्दाम बुडवलं. तिथे आता पाणबुडे जातात.

तुम्ही सॅन होजेला आहात, तर रिचमंडला जाऊन 'रेड ओक व्हिक्टरी' पाहा. 'हैती व्हिक्टरी' जिथे बांधलं गेलं, त्याच गावच्या गोदीतलं, त्याच वर्षाचं हे जहाज संग्रहालय म्हणून जपलं आहे. इंजिनरूममध्ये उतरायला मिळालं तर उतराच, आणि होल्डमध्ये डोकावताना तिथे रडारची कपाटं कशी मांडली असतील याचा अंदाज घ्या.